यातलं पाणी कुठलं?

रात्रपाळी. वॉर्डात ४२ पेशंट आणि आम्ही दोघी सिस्टर. पहाटे नऊ नंबरच्या आजोबांचं सेफ्ट्रियाक्सोन द्यायचं होतं. पावडर विरघळवायला ट्रेमधली डिस्टिल्ड वॉटरची अँप्युल उघडली, १० मिली सिरिंजमध्ये ओढून घेतलं. रिकामी अँप्युल टाकता टाकता तिच्यावरची अक्षरं दिसली. पोटॅशियम क्लोराइड.

हेच औषध सलाइनमध्ये मिसळून थेंबाथेंबानं दिलं तर पेशंट सावरतो. तसंच शिरेत गेलं तर हृदय बंद पडतं. त्या १० मिलीत २० मिलिइक्विव्हॅलंट होतं. वॉर्डात तासाला १० च्या वर आम्ही सहसा जात नाही. मी ते चार-पाच मिनिटांत देऊन मोकळी झाले असते.

सिरिंज फेकली. कुणी पाहिलं नव्हतं. पूर्वी अशाच चुकीसाठी मेमो मिळालेली मैत्रीण आठवली. तरी आजोबांच्या खाटेकडे बघून गप्प राहवेना. सकाळी मेट्रन मॅडमना सगळं सांगितलं.

त्यांनी मोठे दिवे बंद केले, रात्रीचा तेवढा ठेवला आणि ट्रे पुढे केला. "सिस्टर, यातलं पाणी कुठलं? दाखवा."

मला सांगता येईना. त्यांनाही येईना. तेवढंच प्लास्टिक, तेवढीच उंची, निळी बारीक छपाई.

त्याच आठवड्यात पोटॅशियम वॉर्डातून गेलं. फार्मसीत कुलपात, लाल पट्टीच्या डब्यात. लागलं तर दोघींनी नाव मोठ्यानं वाचून मगच सलाइनमध्ये घालायचं. जागतिक आरोग्य संघटनेनं अशा तीव्र औषधांबद्दल २००७ सालीच सावध केलं होतं, हे मला नंतर कळलं. वाचून राग आला. इतकी साधी गोष्ट आमच्या ट्रेपर्यंत यायला माझा हात चुकावा लागला!

मॅडमनी वॉर्डात एक वहीही ठेवली, थोडक्यात टळलेल्या चुकांची. सही सक्तीची नाही, मेमो नाही. पहिली नोंद माझी. महिनाभर तिच्याखाली काहीच आलं नाही. रोज वही उघडायची, मिटायची. चुका थांबल्या नव्हत्या, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

मग एका सकाळी ओव्हर घेताना दुसरी नोंद दिसली. इन्सुलिन समजून हेपरिनची व्हायल उचलली, वेळेवर लक्षात आलं. नव्यानं लागलेल्या मुलीचं अक्षर. ती रडवेली होऊन टेबलापाशी उभी होती.

"चल," मी म्हटलं, "दोन्ही कुठे ठेवल्या होत्या, ते आधी दाखव मला."