मिक्सरास पत्र : तुला का नेत नाही

आमच्या ओट्यावरील मिक्सर यास,
स. न. वि. वि.

पत्रास कारण की, पुढल्या महिन्यात आम्ही सगळे अमेरिकेला, न्यू जर्सीतल्या एडिसन गावी राहायला जातो आहोत आणि सामानाच्या यादीत तुझं नाव नाही. मायना आदराचा लिहिला, पण मजकूर एकेरीतच लिहिते. इतकी वर्षं सकाळची पहिली हाक तुला मारल्यावर आता अहोजाहो जमणार नाही. तुझ्या शेजारच्या वस्तू एकेक करून खोक्यांत गेल्या. कुकर गेला, पोळपाट-लाटणं गेलं, विळीसुद्धा जुन्या चादरीत गुंडाळून मोठ्या बॅगेत गेली. तू तिथेच राहिलास. त्याचं कारण तुला कळायला हवं आणि ते माझ्याकडूनच कळायला हवं.

कारण तुझ्या पोटाखाली लिहिलेलं आहे. तुला उलटा करून पुसताना ती चंदेरी पट्टी दिसते. तिच्या कोपऱ्यावर हळदीचा डाग कायमचा बसलाय, पण अक्षरं अजून वाचता येतात : 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ, 750 वॅट. तिकडच्या भिंतीत वीज येते ती 120 व्होल्ट, 60 हर्ट्झची. म्हणजे तुला लागतं त्याच्या साधारण निम्मं व्होल्टेज. आणि व्होल्टेज निम्म्यावर आलं की ताकद निम्मी होऊन थांबत नाही, ती चौथाईच्या आसपास येते. तू फिरशील, आवाजही करशील. पण ओलं खोबरं, मिरच्या, आलं घातलं की पातं अडकेल. मोटर अडून राहिली आणि वीज मात्र वाहत राहिली की वाइंडिंग तापतं, आणि तापत राहिलं की जळतं.

माझा राग तुझ्यावर नाही, त्या पिनांच्या अडॅप्टरवर आहे. आपल्या गोल पिना त्याच्या पोटात बसतात, त्याच्या चपट्या पिना तिकडच्या भिंतीत बसतात, आणि पिन बसली म्हणजे वस्तू चालणार असं माणूस धरून चालतो. तो अडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो. व्होल्टेजला तो हातही लावत नाही. आमच्या वन्संच्या बाबतीत काय झालं ते तू पाहिलंस. त्यांनी तिकडून भाताचा कुकर आणला होता, 120 व्होल्टचा. अडॅप्टर विकणाऱ्याने 'काही लावा, सगळं चालतं' म्हणून सांगितलं होतं. त्यांनी विश्वासाने तो तुझ्या शेजारच्या प्लगमध्ये लावला. तापणाऱ्या वस्तूला जवळजवळ दुप्पट व्होल्टेज मिळालं की तिची उष्णता चौपटीजवळ जाते. पाण्याला उकळी यायच्या आत बुडातून धूर निघाला, करपलेल्या प्लॅस्टिकचा वास घरभर झाला आणि एमसीबी पडला. आंबेमोहोर गेला त्याचं काही नाही. पण ओट्याशी त्या वेळी आमची धाकटी उभी होती. त्या विकणाऱ्याला मी अजून माफ केलेलं नाही.

तुझ्या पोटात काय आहे ते मी एकदाच पाहिलं, बुधवार पेठेत, तपकीर गल्लीतल्या दुरुस्तीवाल्या काकांच्या दुकानात. त्यांनी चार स्क्रू काढून तुला उघडलं आणि झिजून नखाएवढे उरलेले कार्बन ब्रश माझ्या तळहातावर ठेवले. शेजारी तांब्याच्या तारेचं वाइंडिंग होतं, तपकिरी, चकचकीत. ते म्हणाले, "वहिनी, ही ब्रशवाली मोटर आहे. हिला हर्ट्झचं फारसं काही वाटत नाही. हिला व्होल्टेज नीट द्या, मग ती कुठेही फिरेल. पंख्याचं तसं नाही." पंख्याची किंवा फ्रिजची मोटर हर्ट्झच्या तालावर फिरते. 50 साठी बनवलेली 60 वर लावली तर तिचा वेग बदलतो, ताप बदलतो, आणि ट्रान्सफॉर्मर लावूनही उपयोग नाही, कारण ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. म्हणून टेबलफॅन इथेच राहतोय.

मग तुला ट्रान्सफॉर्मर लावून का नेत नाही, असं तू म्हणशील. त्यावर या घरात पुष्कळ बोलणं झालंय. 120 चे 230 करणारा ट्रान्सफॉर्मर मिळतो. पण तू 750 वॅटचा, आणि मोटर सुरू होताना क्षणभर त्याहून कितीतरी जास्त ओढते, म्हणून घ्यायचा तर निदान 1500 वॅटचा घ्यायला हवा. तो तुझ्याहून जड. त्याला तीन पिना हव्यात, म्हणजे अर्थिंग तुझ्यापर्यंत पोचेल. प्लगला लावून ठेवला तर काम नसतानाही तो गुणगुणत कोमट होत राहतो, म्हणजे रोज वापर झाला की आठवणीने काढायचा. चहा, डबे, शाळेची बस या घाईत ते रोज पाळलं जाईल याची खात्री मला देता येत नाही. बाजारात हलके, स्वस्त कन्व्हर्टरही मिळतात, खोक्यावर मोठाले वॅट छापलेले. त्यांतले बरेचसे इस्त्रीसारख्या नुसत्या तापणाऱ्या वस्तूंसाठी असतात. तुझी मोटर मी त्यांच्या हवाली करणार नाही. कपडे वाळवायच्या यंत्रासाठी तिकडे 240 व्होल्टची वेगळी जोडणी असते, तिच्यातून तार ओढू असंही घरात कोणीतरी सुचवलं. मी साफ नाही म्हटलं.

गावाचं नाव एडिसन, ते थॉमस एडिसनवरूनच. त्यांची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा तिथेच होती. 1882 मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरून त्यांनी वीज द्यायला सुरुवात केली ती 110 व्होल्टच्या आसपास, कारण त्यांचे दिवे तेवढ्यावर चालत. तिकडचा आजचा आकडा त्याच वळणाचा आहे. तुझ्या घराण्याची गोष्ट मला त्याहून जवळची. 1960च्या दशकात मुंबईत माधुरी माथुर यांचा परदेशी मिक्सर आपल्या वाटणापुढे हरला, तेव्हा त्यांचे पती सत्यप्रकाश माथुर यांनी दणकट मोटरचा 'सुमीत' बनवला. आपल्याकडच्या कंपन्या आता अमेरिकेसाठी 110 व्होल्टचे मिक्सरही बनवतात. तिकडे पोचलो की त्यांतलाच एक घेणार आहे. हे तुझ्यापासून लपवून ठेवणं मला बरं वाटेना.

काही जणांना मात्र नेते आहे, आणि ते पट्टी वाचूनच. लॅपटॉपच्या आणि फोनच्या चार्जरवर भिंगाखाली वाचावं लागतं अशा अक्षरांत 100–240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ असं लिहिलंय. त्यांना नुसता अडॅप्टर पुरतो. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, कारण लिथियमची सुटी बॅटरी विमानात चेक-इनच्या सामानात टाकायची नसते. इस्त्री, टोस्टर, पाणी तापवायची किटली इथेच वाटून टाकली. ज्यांना दिली त्या प्रत्येकीला विचारलं, घरात अर्थिंग आहे ना.

आता विनंती. तू साताऱ्याला माझ्या धाकट्या जावेकडे जातो आहेस. तिचं स्वयंपाकघर जुन्या वाड्यातलं आहे. तिथल्या प्लगला तिसरं भोक होतं, पण त्यामागे तारच नव्हती. मी दिरांना सांगून वायरमनकडून अर्थिंग करून घेतलंय. तरी कोणी घाईत तुझी जाड पिन काढून दोन पिनांवर तुला चालवू पाहिलं, तर हे पत्र जावेला दाखव. ती माझं ऐकते. तुला एका दमात 5 मिनिटांहून जास्त कोणी राबवू नये. दिवाळीत चकलीची भाजणी असली तरी नाही. बंद पडलास तर बुडाचं लाल बटण दाबायच्या आधी तिने तुला गार होऊ द्यावं. आणि शेंगदाण्याचा कूट तिला जाडसर लागतो, माझ्यासारखा बारीक नाही, तेवढं सांभाळून घे.

तू आमच्या घरी पुष्कळ केलंस. वन्संच्या डोहाळजेवणाला वाटण तूच केलंस, सासऱ्यांचे दात गेल्यावर त्यांची भाजी रोज दोन वेळा मऊ करून दिलीस. त्याबद्दल मनापासून आभार. तुला तिकडे नेऊन जाळण्यापेक्षा इथे 230 व्होल्टवर तू नीट फिरत राहावंस, असंच मला वाटतं.

कळावे, लोभ असावा.

तुझी,
वाटणवाली

ता. क. : चटणीच्या भांड्याचा वॉशर नवा बसवलाय. जुना कोरड्या भांड्यात ठेवलाय, जावेला दाखव. कार्बन ब्रशची एक जोडीही तिथेच पुडीत आहे.