अक्कलकोटातून दिसणारा समुद्र

अक्कलकोट हे काही समुद्राचे गाव नव्हे. सोलापुरापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर, कर्नाटकच्या सीमेला टेकलेले हे गाव. येथील पेठेत एखादे वाक्य मराठीत सुरू होते आणि कन्नडमध्ये संपते. मे महिन्यात रस्ता इतका तापतो की वटवृक्ष मंदिरासमोरच्या रांगेतील भाविक एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभे असतात. सुट्टीसाठी पुण्याहून आलेल्या माझ्या नातवंडांचे मंदिर, समाधिमठ, अन्नछत्र आणि जुन्या राजवाड्यातील शस्त्रसंग्रहालय असे सारे दोन दिवसांत पाहून झाले. पुढे महिना उरला होता.

अकरा वर्षांची नात आणि आठ वर्षांचा नातू. त्यांच्या आईने जाण्यापूर्वी दूरचित्रवाणी संचावर एक वाहिनी लावून दिली होती. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मॉन्टेरे येथे समुद्रकाठी एक मोठे मत्स्यालय आहे. सार्डिन मासे डब्यांत भरण्याच्या जुन्या कारखान्याच्या जागी ते 1984 साली उघडले. तेथील हौदांवर कॅमेरे बसवलेले आहेत आणि त्यांतील दृश्य जगात कोठेही, त्याच क्षणी, विनामूल्य पाहता येते. तेथे सकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे, उन्हाळ्यात, सायंकाळचे साडेसात. आमच्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपलेली असतात. त्यामुळे ही वेळ जणू आमच्यासाठीच नेमलेली वाटली.

मुले नुसती पाहत राहिली असती तर चित्रपट आणि हे यांत फरक राहिला नसता. म्हणून मी कपाटातील एक कोरी खतावणी काढली. पान दोन बाजूंत विभागले. आपल्या वहीत डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे असते. येथे डावीकडे 'दिसले' आणि उजवीकडे 'वाटले'. दिनांक, इकडची वेळ, तिकडची वेळ हे रकाने अर्थातच आले. खाडाखोड करायची नाही. चुकले तर एकच रेघ मारून शेजारी सही करायची, हा नियम मी बँकेतून घरी आणला.

पहिल्याच दिवशी नातवाने डाव्या बाजूस लिहिले, 'समुद्री पाणमांजर खेळत आहे.' मी विचारले, "खेळत आहे हे तुला दिसले काय?" तो म्हणाला, "हो तर!" मग आम्ही पुन्हा पाहू लागलो. ते पाण्यावर उताणे पडून अंगाभोवती गोल फिरत होते, पुढच्या पंजांनी पोटावरचे केस चोळत होते, मग तोंडाने फुंकल्यासारखे करत होते. हे सारे डाव्या बाजूस गेले आणि 'खेळत आहे' उजवीकडे सरकले. पुढे वाचनात आले की देवमासा किंवा सील यांच्या अंगी असतो तसा चरबीचा थर या प्राण्याला नसतो. थंड पाण्यात त्याला उबदार ठेवते ती केसांत अडकलेली हवा, आणि ती टिकवण्यासाठी त्याला दिवसातले काही तास केस स्वच्छ करण्यातच घालवावे लागतात. नातवाने जो खेळ म्हटला होता, तो जगण्याचा उद्योग होता.

त्याच केसांपायी या प्राण्यावर संकट आले. एका चौरस इंचात दहा लाखांपर्यंत केस. अशी फर दुसऱ्या कोणत्या प्राण्याची नाही. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत फरच्या व्यापाऱ्यांनी त्याची इतकी हत्या करविली की 1911 साली आंतरराष्ट्रीय करार होऊन त्याला संरक्षण मिळाले, तेव्हा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर अवघे पन्नासच्या आसपास उरले होते. नातीने विचारले, "आजोबा, ते व्यापारी आपल्यासारखे दुकानदार होते का?" होते. आपल्याकडे श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य येते आणि त्यात प्राण्यांचे दात, नखे, चामडे, केस यांचा व्यापार मोडतो, एवढे मी तिला सांगितले. मत्स्यालयातील पाणमांजरे पुन्हा समुद्रात सोडता न येण्याजोगी, वाचवून आणलेली असतात. त्यांतील माद्या आईविना सापडलेल्या पिल्लांना वाढवितात. पांजरापोळीशी हे नाते मुलांना लगेच पटले.

खरी अडचण पुढे आली. एका रात्री मुलांना अकरापर्यंत जागण्याची परवानगी मिळाली. तिकडे सकाळचे साडेदहा वाजले होते, खाणे देण्याची वेळ. पाणमांजराने शिंपला छातीवर घेतला, फोडला आणि खाल्ला. मुलांची आजी म्हणाली, "अहो, बंद करा ते. मुलांना हे कशाला दाखवायचे?" मी बंद केले. दुसऱ्या दिवशी वही पाहिली, तर नातीने त्या रात्रीची जागा कोरी सोडली होती.

कोरी जागा पाहून मला एक जुनी गोष्ट आठवली. ती घरातही मी कधी सांगितली नव्हती. नोकरीच्या ऐन भरात मालतारण कर्जाच्या गोदामाची तपासणी माझ्याकडे होती. तुरीच्या पोत्यांच्या पुढच्या दोन थप्प्या मी पाहिल्या, मागे जायला अडचण होती, आणि कर्जदार ओळखीचा. 'संपूर्ण माल तपासला' असे लिहून सही केली. कर्ज थकले तेव्हा मागच्या थप्प्यांत भुसा निघाला. मी दोन थप्प्या पाहिल्या होत्या. बाकीच्या मला वाटल्या होत्या. तेव्हा माझ्या नोंदीला उजवी बाजूच नव्हती.

हे मी दोघांना आणि त्यांच्या आजीलाही सांगितले. ती काही बोलली नाही. मात्र त्या सायंकाळी तिने स्वतःच संच लावला. मुलांना मी आणखी एक सांगितले. हे पाणमांजर समुद्रात काटेरी सी-अर्चिनही खाते, आणि ते अर्चिन केल्प नावाच्या उंच शैवालाची मुळाजवळची पकड कुरतडतात. जेथून पाणमांजरे नाहीशी झाली, तेथे अर्चिन वाढून केल्पची जंगलेच्या जंगले उजाड झाली. हिंसा म्हणायची कोणाची, हा प्रश्न नातीने विचारला आणि मला उत्तर देता आले नाही. ती पाठशाळेत विचारणार आहे. त्या कोऱ्या जागी तिने वेगळ्या शाईने लिहिले: 'शिंपला फोडला. खाल्ला. कवच सोडून दिले.' उजवीकडे: 'मला आवडले नाही.' शेजारी सही.

एक कबुली द्यायची म्हणजे, मी कोकणात तीन वर्षे नोकरी केली. वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, हे आज मुलांनाही ठाऊक आहे. 2022 मध्ये तेथील 'प्रथमा' नावाच्या मादीला उपग्रहाशी जोडलेले यंत्रही बसविले गेले. मी मात्र समुद्र पाहिला तो वसुलीच्या फेरीत, जीपच्या खिडकीतून.

जूनमध्ये मुले पुण्यास गेली, वहीही गेली. नोव्हेंबरात एका सायंकाळी नातवाचा दूरध्वनी आला. "आजोबा, तीन दिवस झाले, साडेसातला पडदा काळाच असतो. साडेआठला सुरू होते. मी डाव्या बाजूला लिहिले आहे. ते उशिरा उठायला लागले का?"

"उजव्या बाजूला काय लिहिलेस?"

"ताई म्हणते, त्यांनी घड्याळ मागे केले असणार. पण ते तिला फक्त वाटते आहे ना?"