कॅथलिक विद्यापीठातला इब्न रुश्द

"आर्ट्सला कोण जातं? ज्याला दुसरीकडे कुठे ॲडमिशन मिळत नाही तो," असा आमच्या मोहल्ल्यात पक्का समज आहे. सोलापुरात बी.ए. केलं तेव्हाच नातेवाइकांनी माझी आशा सोडली होती. पुढे शिष्यवृत्ती मिळाली आणि मी अमेरिकेतल्या एका छोट्या कॅथलिक विद्यापीठात मानव्यविद्यांच्या एम.ए.साठी निघाले, तेव्हा फुफीने अब्बांना विचारलं, "पादऱ्यांच्यात राहून पोरीचं ईमान राहील का?" यंत्रमागावर आयुष्य घालवलेले अब्बा एवढंच म्हणाले, "पढने जा रही है, पढने दे."

तिथे प्रत्येक वर्गात भिंतीवर क्रूस. पहिले काही दिवस मी त्याच्याकडे न बघता बसायचे. वर्गात आम्ही बारा जण, त्यात मुसलमान मी एकटी. पहिलंच पुस्तक संत ऑगस्टीनचं आत्मकथन. ३५४ साली जन्मलेला हा माणूस आजच्या अल्जीरियातला, हे मला तिथे कळलं. मग थॉमस अक्वायनस आला. ॲरिस्टॉटलचा अर्थ लावताना तो एका माणसाला नुसतं 'भाष्यकार' म्हणतो, जणू जगात भाष्यकार तेवढा एकच. तो म्हणजे कॉर्डोव्हाचा काझी इब्न रुश्द (११२६-११९८). अक्वायनसने १२७० मध्ये त्याच्या मताविरुद्ध ग्रंथ लिहिला, पण आधी त्याला वाचलं.

मला लाज वाटली. मदरशात सिपारे पाठ केले, शाळा-कॉलेजात इतिहास शिकले, पण हे नाव कुणीच काढलं नव्हतं. त्याच्या काही भाष्यांचं अरबी मूळ आज सापडत नाही. ती लॅटिन आणि हिब्रू अनुवादांत उरली आहेत. आपल्या घरातली वस्तू शेजाऱ्याच्या कपाटात जपून ठेवलेली सापडावी, तसं झालं.

पण त्याच कपाटात दांतेही होता. त्याच्या महाकाव्यात इब्न सिना, इब्न रुश्द आणि सलाहुद्दीन यांना यातना नसलेल्या जागी मानाने बसवलं आहे. आणि नरकाच्या अठ्ठाविसाव्या सर्गात आपल्या पैगंबरांना (स.) ज्या अवस्थेत दाखवलं आहे, ते मी इथे लिहिणार नाही. शिकवणाऱ्या वृद्ध फादरनी आदल्या दिवशी मला बोलावून सांगितलं, "उद्या आली नाहीस तरी चालेल."

मी गेले. बोलताना आवाज कापत होता. म्हटलं, "हे पुस्तक शिकवू नका असं मी म्हणत नाही. पण ज्याला आपण ओळखत नाही त्याच्याविषयी माणूस किती ठामपणे लिहू शकतो, तेही याच्यासोबत शिकवा." वर्ग गप्प. फादर काही बोलले नाहीत. पुढच्या तासाला त्यांनी व्हॅटिकनचं १९६५चं निवेदन वाचायला दिलं. त्यात चर्च मुसलमानांकडे आदराने पाहते, असं म्हटलं आहे. दोन्ही कागद एकाच परंपरेतले, आणि त्यांनी दोन्ही लपवले नाहीत.

मग मी स्वतःला विचारलं, आपण काय करतो? इब्न रुश्दला उतारवयात हद्दपार केलं गेलं, त्याची पुस्तकं जाळली गेली, तीही मुसलमान खलिफाच्या हुकमाने. हे पान आपण आपल्या मुलांना वाचायला देतो का?

परत आल्यावर फुफीने पहिला प्रश्न ईमानाचाच विचारला. नमाज सुटली नाही. फक्त आता आयतीचा अर्थ समजून घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही.

यंदा फुफीच्या नातीने इतिहास घ्यायचं ठरवलंय आणि घरात तोच वाद पेटलाय. नोकरीचं काय, हा प्रश्न खोटा नाही. मीसुद्धा दीड वर्ष तासिका तत्त्वावर शिकवलं, पगार कधी महिन्याला, कधी सहा महिन्यांनी. ते सगळं मी त्या पोरीला सांगितलं. ऐकून ती म्हणाली, "आपा, तो इब्न रुश्द मराठीत आहे का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सध्या तिच्यासाठी थोडं थोडं लिहून काढते आहे.