दोरीच्या टोकाला बिबट्या

काही माणसं आली की वस्तू आपापल्या जागा सोडतात. ‘ब्रिंगिंग अप बेबी’मधली सूझन त्याच जातीची. हॉवर्ड हॉक्सच्या या 1938 सालच्या काळ्यापांढऱ्या चित्रपटात ती गोल्फच्या मैदानावर डेव्हिडचा चेंडू आपला म्हणून मारते आणि पाठोपाठ त्याची मोटारही आपलीच समजून घेऊन जाते. बिचारा डेव्हिड झालेला कॅरी ग्रँट! चष्मा लावलेला हा शास्त्रज्ञ चार वर्षं ब्राँटोसॉरसचा सांगाडा जुळवतोय. शेवटचं एकच हाड बसवायचं राहिलंय, तर तेही सूझनच्या मावशीचा कुत्रा पळवतो आणि कुठंतरी पुरून टाकतो.

मी पुन्हा पुन्हा पाहतो तो सूझन झालेल्या कॅथरीन हेपबर्नचा चेहरा. आपल्यामुळे कुणाला हसू येतंय, याचा त्या चेहऱ्याला पत्ताच नसतो. हा भाबडेपणा तिला शिकावा लागला, हे कळल्यावर मात्र मला नवल वाटलं. सुरुवातीला ती विनोद करायला जायची आणि विनोद पळून जायचा. शेवटी हॉक्सनं वॉल्टर कॅटलेट या मुरलेल्या विनोदी नटाला बोलावलं. त्यानं तिचाच प्रसंग अगदी गंभीरपणे करून दाखवला. तिला मर्म सापडलं. आणि या गुरूला चित्रपटात घ्याच, असा तिनं हट्ट धरला. त्यातला तो गोंधळलेला कॉन्स्टेबल म्हणजे कॅटलेट.

चित्रीकरणासाठी आणलेल्या निसा या बिबट्याच्या मादीला ग्रँट घाबरायचा, हेपबर्न मात्र बिनधास्त वावरायची. कथेत एक पाळीव बिबट्या आहे आणि एक सर्कशीतला, माणसावर झेपावलेला. सूझन हा दुसरा बिबट्या दोरीनं ओढत थेट तुरुंगात आणते, तो पहिलाच आहे अशा ठाम समजुतीनं. ती घाबरली असती तर आपण हसलो नसतो.

चित्रपट तेव्हा पडला. त्याच वर्षी चित्रपटगृहांच्या मालकांनी जाहिरात देऊन गल्ला बुडवणाऱ्या ताऱ्यांची नावं छापली. त्यांत हेपबर्नही होती. ती आरकेओ कंपनीतून बाहेर पडली आणि 1940 मध्ये ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’ घेऊन दिमाखात परतली.

‘बेबी’च्या शेवटी तो सांगाडाही कोसळतो. चार वर्षांच्या कष्टांचा ढीग झालेला असतो, पण सूझन डेव्हिडला शोक करायलाही सवड देत नाही. ती त्याची क्षमा मागते आणि, तितक्याच गांभीर्यानं, त्याच्या वतीनं ती देऊनही टाकते.