मनूचे दात

मांजर दुखणं दाखवत नाही, लपवतं. आमची मनू ताटलीकडे धावत यायची, एक घास घ्यायची आणि किंचाळून मागे सरायची. नखरे वाढलेत, असं घरात सगळे म्हणाले. मला मात्र तिचे केस खटकले. दिवसभर स्वतःला चाटून लख्ख राहणारी मनू मळकट दिसू लागली होती. हनुवटी लाळेने ओली, तोंडाला कुजका वास.

जनावरांच्या डॉक्टरांनी तिचं तोंड उघडून दाखवलं. हिरड्याच नव्हे, घशाजवळचा भागही लालभडक झाला होता. या आजारात दातांवर साचणाऱ्या थरावर शरीराची प्रतिकारशक्तीच भडकते, असं मानतात. औषधांनी तात्पुरता उतार पडतो, दुखणं पुन्हा उलटतं. म्हणून दाढा, गरज पडल्यास सगळेच दात काढतात.

सासूबाई हबकल्या. “बेजुबान जनावर, दातांशिवाय खाणार काय?” त्यांची स्वतःची कवळी वाटीत पडून असते आणि त्या खिमा-पाव मजेत खातात, हे मी बोलले नाही. भिशीचे पैसे आले होते, ते कामी आले. दात भूल देऊन काढले. मुळाचा तुकडा आत राहिला तर दुखणंही राहतं, म्हणून एक्स-रेचा आग्रह धरावा. आणि घरातली पॅरासिटामॉल मांजराला चुकूनही देऊ नये, एका गोळीनेही जीव जाऊ शकतो.

काही मांजरांना नंतरही औषध चालू ठेवावं लागतं. मनूला दीड महिना लागलं. सासूबाई तिला काटे काढून मासळी भरवतात.