टॉवर लांब होता तेव्हा

आमच्या पिढीचा पहिला टॉवर वरळीचा. २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि पुढे त्या ३०० मीटर उंच टॉवरच्या दिशेला तोंड करून ठाणे-डोंबिवलीच्या गच्च्यांवर अँटेने उभे राहिले. वाऱ्याने अँटेना फिरला की एक जण गच्चीवर, एक जण जिन्यात, एक जण टीव्हीसमोर. ‘आलं का?’ ‘मुंग्याच आहेत!’ ‘आता?’ ‘थांब, हात काढू नकोस!’ ज्याच्या घरी टीव्ही नव्हता तोही जिन्यात उभा असे. संध्याकाळचा सिनेमा त्यालाही बघायचा असे.

आज आपण टॉवरमध्येच राहतो. ठाण्याच्या मानपाड्यात येऊरच्या डोंगरासमोर टॉवर आहेत, डोंबिवलीच्या मानपाड्याकडे भातशेती होती तिथेही आहेत. चित्र आता स्वच्छ दिसतं, त्यासाठी कुणाला हाक मारावी लागत नाही. फोन लागला नाही तर ‘टॉवर नाहीये’ म्हणत माणूस गॅलरीत येतो, बोलतो आणि शेजारच्या गॅलरीकडे न बघता आत जातो.

तेव्हा सगळं सुखाचं होतं असं मुळीच नाही. चार मजले आणि लिफ्ट नाही. पाणी वर चढलं नाही की बायका खालून बादल्या वाहायच्या. गुडघे धरलेली आजी महिनोन्‌महिने रस्ता बघत नसे.

आज तशीच आजी लिफ्टने खाली येऊन बागेत बसते, परदेशातल्या नातवाचा चेहरा फोनवर बघते. हे सुख खरं आहे, ते कुणी नाकारू नये.

गेली ती गच्ची. तिथे उन्हाळ्यात सगळ्या घरांच्या कुरडया एकाच धोतरावर वाळत आणि राखणीला बसलेली पोरं अर्ध्या ओल्याच खात. कोजागरीला घराघरातून दूध येई, एकाच पातेल्यात आटे, आणि वेलदोड्याचा वास जिन्याने तळमजल्यापर्यंत उतरे.

आता कित्येक गच्च्यांवर मोबाइल कंपन्यांचे टॉवर आहेत आणि दाराला कुलूप. कुलूप सुरक्षेसाठी असतं, हे पटतं. पण वर्षातून एक रात्र ते उघडता येईल.

येत्या कोजागरीला सोसायटीकडे किल्ली मागा. मोबाइलच्या टॉवरमुळे वर जाता येत नसेल तर पोडियमवर जमा. दूध घराघरातून आणा, विकतचं एकदम मागवू नका. आणि आजीला जरूर न्या. तेव्हाच्या आजीला जिना चढवत नव्हता, आता लिफ्ट आहे.