‘हँग’ झालेला संगणक

संगणक ‘हँग’ होणें हा शब्दप्रयोग आतां घरोघरीं इतका रुळला आहे कीं, त्याचा अर्थ कोणास सांगावा लागत नाहीं. परंतु ह्या एकाच नांवानें आपण किती निरनिराळ्या दुखण्यांस हांक मारतों, ह्याचा विचार सहसा होत नाहीं. ताप हें जसें नुसतें लक्षण असून त्यामागें हिंवताप असूं शकतो, विषमज्वर असूं शकतो किंवा साधें पडसेंहि असूं शकतें, तसेंच ह्या ‘हँग’ होण्याचें आहे. २०२४ सालच्या डिसेंबरांत आमच्या शाळेच्या संगणकवर्गांत असें एक दुखणें शिरलें आणि दोन महिने ठाण मांडून बसलें. त्याचें निदान कसें झालें, व तें होणें एका विद्यार्थ्याच्या दृष्टीनें किती अगत्याचें होतें, हें वाचकांस निवेदन करावें म्हणून हा लेख लिहीत आहों.

प्रथम त्या संगणकाचें काम काय तें सांगितलें पाहिजे. इंटरनेट म्हणजे जाळ्यांचें जाळें. एका जाळ्यांतील संदेश दुसऱ्यांत कोणत्या वाटेनें धाडावा हें ठरविणाऱ्या यंत्रास राउटर म्हणतात. टपालखात्यांतील कारकून पत्ता वाचून पत्र योग्य त्या पिशवींत टाकतो, तसेंच कांहींसें हें काम. मुलांस तें हातानें करून शिकावयाचें तर दहा-बारा राउटर हवेत, आणि इतके खरे राउटर विकत घेणें शाळेस परवडणारें नाहीं. म्हणून एकाच संगणकाच्या पोटांत अनेक राउटरांचीं सोंगें उभीं करण्याची युक्ति निघाली. फ्रान्समधील ख्रिस्तोफ फियो यांनीं २००५ सालीं सिस्को कंपनीच्या ७२०० जातीच्या राउटरचें हुबेहूब सोंग आणणारी ‘डायनामिप्स’ नांवाची आज्ञावली लिहावयास घेतली. पुढें जेरेमी ग्रॉसमन प्रभृतींनीं तिच्यावर ‘जीएनएस३’ हा चित्रमय साज चढविला. पडद्यावर राउटरचीं चित्रें मांडावीं, तीं रेघांनीं जोडावीं, आणि संदेश कोणत्या वाटेनें जातो तें पाहावें, असा हा खेळ आहे. सोंगाच्या आंत राउटरची जी मूळ आज्ञावली चालते ती कंपनीच्या मालकीची असते. ती एका माजी विद्यार्थ्यानें रीतसर मिळवून दिली, व संगणकहि त्यांनींच दिला. त्यांत चार कोअरचा प्रोसेसर, आणि चार-चार गिगाबाइटच्या दोन पट्ट्या मिळून आठ गिगाबाइट रॅम होती. प्रणाली लिनक्सची होती.

डिसेंबरांत हा संगणक मधेंच निश्चल होऊं लागला. माऊसचा बाण जेथल्या तेथें थांबे, कीबोर्ड निपचित पडे, चालू काम नाहींसें होई, आणि बटण दाबून यंत्र बंद करण्यावांचून गत्यंतर उरत नसे. वर्गासमक्ष हें प्रथम घडलें त्या दिवशीं यंत्रापुढें नववींतला एक मुलगा बसला होता. दुसऱ्यांदां घडलें तेव्हांहि तोच होता, आणि तिसऱ्यांदांहि तोच. मग काय विचारतां! ‘ह्यानें यंत्रांत नको तें कांहींतरी घातलें,’ अशी कुजबूज मुलांत सुरू झाली. ती घरोघरीं पोंचली, आणि ह्या मुलास यंत्रापासून दूर ठेवावें अशी सूचनाहि आली.

एके दिवशीं सायंकाळीं त्याचे वडील शाळेंत आले. बाजारांत भाजीची गाडी लावून दिवसभर उभा राहणारा तो गृहस्थ, त्यानें रुमालांत बांधलेल्या नोटा टेबलावर ठेवल्या आणि म्हटलें, “सर, पोराच्या हातून काय मोडलं असेल तेवढं सांगा. आज इतके घ्या, बाकीचे महिन्या-महिन्याला देईन.” मुलगा मागें मान खालीं घालून उभा होता. आम्हीं ते पैसे घेतले नाहींत. “काय मोडलें आहे हें अजून कोणासच ठाऊक नाहीं, कळेल त्या दिवशीं आपणांस कळवूं,” इतकेंच सांगितलें. परंतु त्या रुमालाची गांठ पुन्हां बांधतांना त्यांच्या बोटांस जो वेळ लागला, तो पाहिल्यावर हें कोडें सुटेपर्यंत आम्हांस स्वस्थता नव्हती.

पहिलें काम केलें तें हें कीं, एक वही घातली. यंत्र थांबलें कीं तारीख, वेळ, किती राउटर चालू होते, किती मिनिटें चालले होते, पंख्याचा आवाज कसा होता, हें सर्व रकान्यांत लिहावयाचें. यंत्रापुढें कोण होतें हा रकाना अगदीं शेवटचा. दुसरा नियम असा कीं, एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची. चार औषधें एकदम दिलीं व रोगी बरा झाला, तर गुण कोणत्या औषधाचा हें वैद्यासहि सांगतां येत नाहीं.

वहीचीं कांहीं पानें भरलीं तेव्हां ध्यानांत आलें कीं, जें एक दुखणें दिसत होतें तीं वस्तुतः दोन होतीं. एका प्रकारांत यंत्र हळूहळू मंद होत जाई व पंखा घोंघावूं लागे. अशा वेळीं कॅप्स लॉकची कळ दाबली तर तिचा दिवा उशिरानें कां होईना लागे, आणि शेजारच्या संगणकावरून ‘पिंग’ केलें असतां रखडत उत्तर येई. दुसऱ्या प्रकारांत पूर्वसूचना मुळींच नसे. चांगलें चाललेलें यंत्र एका क्षणांत थांबे. दिवाहि लागत नसे आणि पिंगला उत्तरहि येत नसे. पहिला रोगी थकलेला होता, दुसरा मूर्च्छित. दोघांस एकच काढा देऊन चालणार नव्हतें.

थकव्याचें कारण लवकर सांपडलें. खऱ्या राउटरचा प्रोसेसर काम नसलें तरी झोंपत नाहीं. नवा संदेश आला काय, हें पाहत तो एकाच चक्रांत फिरत असतो. घाण्यांत तीळ नसतांना बैलानें फिरत राहावें तसा हा प्रकार. डायनामिप्स तर इमानी नकलाकार! हें फिरणें रिकामें आहे हें त्यास कळत नाहीं, व तो त्या फुकट फेऱ्यांचीहि नक्कल करीत बसतो. त्यामुळें एकेक सोंगी राउटर प्रोसेसरचा एकेक कोअर गिळून टाकतो, आणि चार राउटरांतच आमच्या यंत्राची सारी शक्ति संपे. ह्यावर ‘आयडल-पीसी’ नांवाचा उपाय आहे. रिकामें चक्र आज्ञावलींत नेमकें कोणत्या ठिकाणीं आहे, तो पत्ता डायनामिप्सला सांगावयाचा. मग बैल तेथें आला कीं नकलाकार क्षणभर विसांवा घेतो. योग्य पत्ता शोधण्याची सोय जीएनएस३ मध्येंच आहे. तो देतांच प्रोसेसरवरील भार उतरला, पंखा शांत झाला आणि पहिलें दुखणें समूळ गेलें. दुसरें मात्र तसेंच राहिलें.

मूर्च्छेचीं कारणें अनेक असूं शकतात. उष्णता हें एक. म्हणून यंत्र उघडून धूळ काढली, प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलली, आणि तापमान मोजत बसलों. तें ६८ अंश सेल्सियसच्या वर गेलें नाहीं. तरीहि यंत्र थांबलें. रॅम पुरी पडली नाहीं तर संगणक डिस्कचा आधार घेतो व फार मंदावतो. तेंहि तपासलें, रॅम शिल्लक होती. मग यंत्राची स्वतःची रोजनिशी वाचावयास घेतली. लिनक्स प्रणाली आपल्या प्रत्येक सत्राचा वृत्तांत लिहून ठेवीत असते. नेहमींप्रमाणें बंद केलेल्या सत्राच्या शेवटीं निरोपाच्या ओळी असतात. मूर्च्छेच्या सत्रांत त्या नव्हत्या. साध्या नोंदी चालतां चालतां वृत्तांत एकाएकीं तुटला होता. तक्रार लिहावयासहि उसंत न मिळतां प्रणाली थांबली असेल, तर दोष यंत्राच्या अवयवांत असण्याचा संभव अधिक. आणि त्याच रोजनिशींत एक गोष्ट आढळली, जिच्यामुळें आमचा जीव हलका झाला. ऑक्टोबरांतहि दोन सत्रें अशींच अर्धवट तुटलीं होतीं. आणि तो मुलगा ह्या वर्गांत आला तो दिवाळीच्या सुटीनंतर!

परंतु मुलगा निर्दोष आहे एवढ्यानें दोषी कोण हें ठरत नाहीं. तेव्हां रॅमची परीक्षा घेतली. ‘मेमटेस्ट८६+’ ही आज्ञावली रॅमच्या प्रत्येक घरांत ठराविक आंकडे लिहिते, व लिहिलें तेंच परत मिळतें काय हें पाहते. एक रात्रभर ती चालूं दिली. पहिल्या फेरींत सर्व ठीक. दुसऱ्या फेरींत चुका दिसूं लागल्या, आणि त्या पुनःपुन्हां त्याच पत्त्यांजवळ. मग पट्ट्या एकेक करून तपासल्या. एक निर्मळ निघाली, दुसरी सदोष. दोष पट्टीचा कीं तिच्या खोबणीचा, हा संशय उरूं नये म्हणून दोघींच्या जागा बदलल्या. चुका पट्टीबरोबर गेल्या. निकाल लागला.

आतां कोणी विचारील कीं, पट्टी सदोष होती तर यंत्र त्याच मुलाच्या हातीं कां थांबे? ह्याचें उत्तर त्याच्या कागदावर होतें. इतर मुलें तीन किंवा चार राउटरांचें जाळें मांडीत. ह्यानें एकट्यानें दहा राउटरांचें जाळें योजिलें होतें, कारण एक वाट तुटली असतां संदेश दुसऱ्या वाटेनें कसा वळतो हें त्यास पाहावयाचें होतें. प्रत्येक राउटरास ५१२ मेगाबाइट रॅम नेमून दिलेली. दहांचे मिळून पांच गिगाबाइट झाले. ती सारीच एकदम खर्च होते असें नाहीं. तथापि जितकी रॅम अधिक वापरावी, तितका सदोष घरांवर पाऊल पडण्याचा संभव अधिक. जुन्या वाड्याच्या माळ्यावरील एखादी फळी कुजलेली असते. घरांत चार माणसें असतां वर्षभर ती कळत नाहीं. लग्नाच्या दिवशीं माळा माणसांनीं भरला म्हणजे कोणाचा तरी पाय तीवर पडतो. तेथें पाहुण्यास दोष कोण देईल? आणि एका शून्याचा एक झाल्यानें कधीं चित्रांतला नुसता एक ठिपका बदलतो, तर कधीं प्रणालीच्या मर्मावर घाव बसून सर्वच थांबतें.

सदोष पट्टी काढून टाकली. तिच्या जागीं नवी आली, आणि तपासणींत ती निर्मळ ठरल्यावर त्या मुलास सर्व वर्गासमोर आपलें दहा राउटरांचें जाळें मांडावयास सांगितलें. शुक्रवारीं दुपारीं त्यानें तें सुरू केलें. सोमवारीं सकाळीं वर्ग उघडला तेव्हां तें चालूच होतें. त्यानें एक रेघ तोडली. संदेश क्षणभर अडखळले आणि दुसऱ्या वाटेनें वळले. ज्यांनीं कुजबूज केली होती तीं मुलें पडद्याजवळ दाटीनें उभीं होतीं. त्यांतील एकानें, ‘हें वळणें त्यास कोण सांगतें?’ असें विचारलें, व तो मुलगा त्यास समजावूं लागला.

त्याच्या वडिलांस आम्हीं शब्द दिल्याप्रमाणें कळविलें. बाजारांत त्यांच्या गाडीपाशीं जाऊन ती पट्टी त्यांच्या हातीं ठेवली, व मोडलेली वस्तु ती हीच, असें सांगितलें. त्यांनीं ती उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलें, “एवढीशीच?”

विद्यार्थिमित्रांनो, यंत्रें पुढेंहि थांबतील. तीं थांबणें आपल्या हातीं नाहीं. यंत्र थांबल्यावर प्रथम वहीचा कोणता रकाना भरावा, हें मात्र आपल्या हातीं आहे. ती वही वर्गांतील कपाटांत कोणासहि पाहावयास ठेविली आहे. तिचीं पुढील पानें आतां तोच मुलगा लिहितो. आणि शेवटचा रकाना त्यानें आंखावयाचाच सोडून दिला आहे.